बेळगाव, बेळगांव, बेळगावी : वाचनालयाचा माग नेटवर काढताना

सीमाभागातल्या वाचनालयांवर काही शोधायला बसलं की पहिला अर्धा तास एकाच गावाचं नाव लिहिण्यात जातो. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेळगावि. रोमन लिपीत जुनं इंग्रजी रूप वेगळं, १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं सरकारी रूप वेगळं, कन्नड लिपीत आणखी एक. गूगल यातली काही रूपं आपणहून जुळवून घेतं. ग्रंथालयांच्या ऑनलाइन तालिका (पुस्तकांच्या याद्या), शोधगंगा (विद्यापीठांच्या प्रबंधांचा साठा), इंटरनेट अर्काइव्ह (स्कॅन केलेल्या पुस्तकांचा साठा) यांच्या शोधपेट्या तेवढे लाड करत नाहीत. अनुस्वार चुकला की 'काहीही सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि नवखा विद्यार्थी ते खरं मानून प्रबंधात 'या विषयावर साहित्य उपलब्ध नाही' असं लिहून मोकळा होतो.

मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधी छापलेल्या पुस्तकाचं नाव शोधायचं तर 'गांव', 'नांव', 'कांहीं', 'पुस्तकें' असंच टंकावं लागतं. पण ज्यानं संगणकात नोंद केली त्यानं जुनं रूप ठेवलं की आजचं, हे आधी कळत नाही, म्हणून दोन्ही करून बघायची. चिकोडी आणि चिक्कोडी, निपाणी आणि निप्पाणी या जोड्याही अशाच. खानापूरचा त्रास उलटा आहे. सांगली जिल्ह्यातही एक खानापूर आहे, आणि शहापूर तर ठाणे जिल्ह्यातही आहे नि यादगीरमध्येही. तिथं नोंदी भरपूर सापडतात, त्यातल्या निम्म्या भलत्याच गावाच्या. काम सुरू करण्याआधी गावांच्या नावांची सगळी रूपं एका कागदावर लिहून तो शेजारी ठेवावा. साधी गोष्ट आहे, पण कुठल्याही संशोधन-पद्धतीच्या तासाला सांगितली जात नाही.

नेटनं खरोखर काय दिलं? बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. एवढ्या जुन्या संस्थांबद्दल लिहायचं तर पूर्वी पुण्या-मुंबईला चार फेऱ्या ठरलेल्या. आज मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेचा) बेळगावचा खंड, म्हणजे २१ वा, १८८४ चा, खानापुरात बसून मोबाइलवर उघडतो. त्यात थेट 'वाचनालय' शोधण्यात अर्थ नाही. शिक्षणाचं प्रकरण काढायचं आणि त्याच्या शेवटाकडे यायचं. वाचनालयं आणि वर्तमानपत्रं त्या काळी शिक्षणाच्या पोटात घातलेली असतात. जुन्या इंग्रजी कागदांत या संस्था 'नेटिव्ह लायब्ररी' किंवा 'जनरल लायब्ररी' म्हणून येतात, मराठी नावानं क्वचितच.

पण आजचा जिल्हा डोक्यात ठेवून तेव्हाचा खंड उघडला तर फसायला होतं. रायबाग आज बेळगाव जिल्ह्यातला तालुका आहे. तेव्हा तो कोल्हापूर संस्थानात होता, म्हणून त्याची माहिती खंड २४ मध्ये, १८८६ च्या कोल्हापूरच्या गॅझेटियरमध्ये शोधायची. बेळगावला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. म्हणजे कपिलेश्वराच्या देवळाच्या अल्याड-पल्याडचे कागद दोन वेगळ्या दफ्तरांत गेले. संस्थानी कागद बरेचसे मोडीत आहेत. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात, जागा मिळाली खरी, पण जुन्या दफ्तराचा फोटो दिला आणि मजकूर मिळाला, असं अजून विश्वासानं होत नाही. तिथं मोडी वाचणारा माणूसच लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ ही दुसरी भिंत. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याखाली प्रत्येक प्रांतात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत. बेळगावच्या छापखान्यात १९५५ साली छापलेलं मराठी पुस्तक मुंबईच्या यादीत शोधायचं, १९५७ सालचं म्हैसूर राज्याच्या यादीत. छापखाना तोच, गल्ली तीच. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचे दोन भाग १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे आहेत. म्हणजे १९५६ च्या आधीचा मोठा काळ त्यात झाकला जातो आणि नंतरच्या काळासाठी सीमाभागापुरती तशी एकहाती सोय राहत नाही. १९५० नंतरचं स्थानिक प्रकाशन धुंडाळायचं तर वाचनालयाची दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमानं लिहायची वही) हाच पहिल्या दर्जाचा पुरावा. ती नेटवर नाही, आणि सगळं घोडं इथंच पेंड खातं.

वाचनालयांविषयीच्या संशोधनात कायद्यांची गल्लतही नेहमीची. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानचा, १९४५ चा. कर्नाटकाचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा. त्यात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर आहे आणि ग्रंथालयं सरकारी खातं चालवतं. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही, संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गवारीनं अनुदान आहे. बेळगावातलं संस्थेचं मराठी वाचनालय रचनेनं महाराष्ट्राच्या घराण्यातलं, पण राहतं कर्नाटकाच्या कायद्याच्या हद्दीत. त्यामुळे महाराष्ट्राच्या अनुदानपात्र यादीत ते येत नाही आणि कर्नाटकाच्या सरकारी शाखांच्या यादीतही येत नाही. दोन्ही संकेतस्थळांवरून आकडे उतरवून कुणी तक्ता केला तर ही वाचनालयं अस्तित्वातच नाहीत असं दिसतं. त्यात आणखी एक खाच आहे. कर्नाटकातली ग्रामपंचायत ग्रंथालयं २०१९ मध्ये ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे गेली आणि पुढं त्यांना 'अरिवु केंद्र' म्हणू लागले. त्यामुळे २०१८ आणि २०२२ ची एकाच खात्याची आकडेवारी शेजारी ठेवली तर गावोगावची ग्रंथालयं एकदम बंद पडल्यासारखी वाटतात. बंद पडलेली नाहीत, फाईल दुसऱ्या टेबलावर गेली आहे.

गावनिहाय माहिती हवी असेल तर २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडावी. तिच्या अ भागातल्या ग्राम निर्देशिकेत सार्वजनिक ग्रंथालय आणि वाचनकक्ष यांचे वेगळे रकाने आहेत. सोय असेल तर १, नसेल तर २, आणि नसल्यास जवळच्या सोयीचं अंतर अक्षरात : ए म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, बी म्हणजे ५ ते १०, सी म्हणजे १० च्या वर. मात्र ग्रंथालय कुणाचं, कुठल्या भाषेचं, कपाटात किती पुस्तकं, यातलं काही तिथं नाही. चौकात चार वर्तमानपत्रं टाकणारं मंडळ 'वाचनकक्ष' ठरलं की नाही, हे माहिती भरणाऱ्यावर अवलंबून.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात लाखो पुस्तकं स्कॅन झाली. पुढं ते संकेतस्थळ बंद पडलं, पण त्यातला मोठा साठा इंटरनेट अर्काइव्हवर चढवला गेला होता. अशा प्रतींच्या ओळखक्रमांकात 'डीएलआय' आणि '२०१५' दिसतं. त्यांच्या नोंदी वाईट आहेत. मराठी नाव रोमनमध्ये, दीर्घ 'आ' कधी एका अक्षरानं तर कधी दोन, 'ज्ञ' तीन तऱ्हांनी, लेखकाच्या जागी संपादक, वर्षाच्या जागी काहीच नाही. तिथं पूर्ण नाव न टाकता नावातला एकच वेगळा शब्द घ्यावा आणि त्याची तीन-चार रोमन रूपं करून बघावीत. भाषेची चाळणीही दोनदा लावावी, एकदा पूर्ण 'मराठी' आणि एकदा तीन अक्षरी संकेत 'एमएआर', कारण नोंदी दोन्ही प्रकारे आहेत. पुस्तक सापडलं की आधी शेवटची पानं तपासायची. मधली दोन-चार पानं गळालेली किंवा दोनदा आलेली असणं अगदी नेहमीचं, म्हणून संदर्भ देताना पीडीएफचा पान क्रमांक न देता छापील पान क्रमांक द्यावा.

शोधगंगेवर प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. बेळगावच्या महाविद्यालयांतले जुने प्रबंध राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली शोधून उपयोग नाही. ते विद्यापीठ २०१० चं, त्याआधीचं सगळं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली. शिवाय सीमाभागावरचं बरंच काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झालं आहे. तिन्हीकडे बघायचं, तेही मराठी शीर्षक आणि त्याचं इंग्रजी भाषांतर अशी दोन्ही रूपं घेऊन.

यातला सगळ्यात चिवट अडथळा जुन्या फाँटचा. युनिकोड रुळण्याआधीचे प्रबंध, स्मरणिका, अहवाल श्रीलिपी, आकृती अशा फाँटात टंकलेले आहेत; कन्नड मजकूर नुडी किंवा बरहमध्ये. पीडीएफमध्ये डोळ्यांना स्वच्छ देवनागरी दिसते, पण परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा काला होतो. शोधयंत्राला तो कालाच दिसतो, म्हणून असा मजकूर कधीच सापडत नाही. फाँट कोणता ते माहीत असेल तर त्याचं युनिकोड करून देणारा परिवर्तक वापरता येतो. माहीत नसेल तर पानांची चित्रं करून ओसीआर करणं, म्हणजे संगणकाकडून चित्रातली अक्षरं ओळखून घेणं जास्त सरळ. त्यासाठी टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर भाषासंकेत 'एमएआर' द्या, हिंदीचा 'एचआयएन' देऊ नका. मराठी 'ल' आणि 'श' ची वळणं वेगळी, 'ळ' आणि 'ऱ्य' तर मराठीत पदोपदी. पानावर कन्नडही असेल तर 'एमएआर' आणि 'केएएन' अधिकचिन्हानं जोडून द्यावेत. स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० बिंदूंच्या) खाली नसावं. नीट स्कॅनवरही जुन्या खिळ्यांच्या छपाईत 'ख' चा 'रव' होतो, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' अदलाबदल होतात, अनुस्वार गळतात. त्यामुळे ओसीआर केलेल्या मजकुरात शब्द सापडला तर तो आहे म्हणावं. सापडला नाही तर काहीच म्हणू नये.

मग वाचनालयानं स्वतः काय करावं? स्कॅनर घेण्याआधी यादी. आमचं ठाम मत आहे की दहा दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून फेसबुकवर टाकण्यापेक्षा दहा हजार पुस्तकांची साधी तालिका नेटवर असणं मोलाचं आहे. गॅझेटियर कुणीतरी आधीच स्कॅन केलेलं असतं. पण संमेलनाची स्मरणिका, पंचवार्षिक अहवाल, व्याख्यानमालेची पत्रिका, एखाद्या शाळेचा शतकमहोत्सवी अंक कुठल्या कपाटात आहे हे बाहेरच्याला कळायला दुसरा मार्ग नाही. बेळगावात १९२४ चं काँग्रेस अधिवेशन झालं, १९२९ आणि १९४६ ची साहित्य संमेलनं झाली; अशा प्रसंगांचा किरकोळ छापील ऐवज गावातच राहतो, तोही 'इतर' असं लिहिलेल्या खणात.

सुरुवातीला कोहा किंवा ई-ग्रंथालय असं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर हवंच असं नाही. साधी एक्सेलची पाटी चालते, रकाने मात्र पहिल्या दिवशी ठरवावे लागतात. दाखल क्रमांक, नाव जसं छापलं तसं, नाव आजच्या लेखनात, रोमन रूप, लेखकाचं आडनाव आणि पुढचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, मुद्रणस्थळ, वर्ष, पानं, वर्ग क्रमांक, कपाट आणि खण, अवस्था. मुद्रणस्थळ वेगळं ठेवण्याचं कारण असं, की पुण्याच्या प्रकाशकानं बेळगावात छापून घेतलेलं पुस्तक नाहीतर हातातून निसटतं. वर्ष शके असेल तर छापील शके तसाच ठेवून शेजारी इसवी सन लिहावा. ७८ मिळवायचे, पौषापासून फाल्गुनापर्यंतचं असेल तर बहुधा ७९. महिना छापलेला नसेल तर 'शके १८५०' ला '१९२८-२९' असंच लिहावं, अंदाजानं एक वर्ष ठोकू नये. वर्ग क्रमांक ड्युईच्या दशांश वर्गीकरणाचा असेल तर मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये आणि कन्नड साहित्य ८९४.८१४ मध्ये जातं. मराठी-कन्नड दुभाषी कोश किंवा अनुवाद एकाच कपाटात बसणार, पण यादीत दोन्ही भाषांची नोंद हवी. सीमाप्रश्नावर मत काहीही असो, शोधणारा कुठल्या लिपीतून येईल ते आपल्या हातात नाही.

एका पुस्तकाला चार मिनिटं धरली तर तासाला १५, रोज पाच तास बसलं तर ७५, म्हणजे दहा हजार पुस्तकांना एका माणसाचे सुमारे १३४ दिवस. जुन्या पुस्तकाला आयएसबीएन नसल्यामुळे क्रमांक टाकून तयार नोंद ओढून घेता येत नाही, सगळं हातानंच करावं लागतं. हा हिशेब कार्यकारी मंडळापुढं आधी मांडावा. नाहीतर 'दोन मुलं बसवू, उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जाईल' असं ठरतं आणि काम दीड हजारावर थांबतं. त्याहून वाईट म्हणजे दोन मुलांनी दोन कळफलक वापरलेले असतात. 'दऱ्या' मधला र दोन तऱ्हांनी टंकता येतो : एक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरा साध्या 'र' ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात दोन वेगळे शब्द. आधी एकच कळफलक ठरवा, आणि झालेल्या पाटीत 'शोधा व बदला' वापरून सगळे 'ऱ' वर आणा. आकड्यांचंही तेच. '१९४६' आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल संगणकाला एक वाटत नाही. वर्ष, पानं, दाखल क्रमांक या रकान्यांत कुठलेही एकाच तऱ्हेचे आकडे ठेवा.

अकारविल्हे लावताना 'ळ' ची गंमत होते. आपल्या क्रमात 'ळ' ह नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये बसतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' तर क आणि ज खाली जातात. बरीच साधनं या तक्त्याप्रमाणेच क्रम लावतात. छापील सूचीशी ताळा घेताना नोंद हरवली असं वाटतं, ती वरच्या बाजूला बसलेली असते. पुढं कोहावर गेलात तर मार्क या ग्रंथालयीन नोंद-साच्यात छापील नाव रकाना २४५ मध्ये, पर्यायी रूप २४६ मध्ये आणि दुसऱ्या लिपीतलं रूप ८८० मध्ये टाकायची सोय आहे. पाटीतले तीन रकाने तिथं जसेच्या तसे जातात, म्हणून तर ते आधीपासून वेगळे ठेवायचे.

यादीनंतर स्कॅनिंग, आणि ते पावसाळ्यात नको. बेळगाव-खानापूरच्या पावसात कागद ओल धरतो, उघडलेल्या बाडाला बुरशी येते. दिवाळी ते होळी हा काळ बरा. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलनं ४००० गुणिले ३००० बिंदूंचा फोटो येतो. साडेआठ बाय साडेपाच इंचांच्या पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं घेतली तर सुमारे ३५० डीपीआय पडतो, म्हणजे पुरेसा. वर्तमानपत्राचं सुमारे २३ इंच उंचीचं पान एका फोटोत घेतलं तर १७५ च्या आतच राहतो, बारीक टाइप वाचता येत नाही. पानाचे चार तुकडे करा, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर इंचभर चढू द्या. फोटो एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेला आकसतो आणि मेहनत वाया जाते. फाईलच्या नावात दाखल क्रमांक आणि पान क्रमांक, बाकी काही नको. वर्तमानपत्राला तारखेबरोबर आवृत्तीही लिहा, कारण एकाच दिवसाच्या बेळगाव आणि कोल्हापूर आवृत्त्यांची पानं वेगळी असतात.

सगळंच नेटवर चढवता येत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. मृत्यूच्या वर्षात ६१ मिळवले की मोकळीक मिळण्याचं वर्ष येतं. १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं. अनुवादात अनुवादकाचंही वर्ष बघावं लागतं, हे हटकून विसरलं जातं. २०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. ती जगाला वाटण्याची परवानगी त्यात नाही. स्वतःचे अहवाल आणि पत्रिका मात्र संस्था आजच चढवू शकते.

वापराच्या अभ्यासाबद्दल थोडंसंच. देवघेवीचा आकडा घटला म्हणून वाचनालय ओस पडलं असा निष्कर्ष काढण्याआधी अभ्यासिकेतल्या खुर्च्या मोजा. स्पर्धा परीक्षेची मुलं पुस्तक घरी नेत नाहीत. जागा, दिवा आणि वायफाय वापरतात. ऑनलाइन फॉर्मवरून पाहणी केली तर सत्तरीतले वर्गणीदार गळतात, आणि तीस-तीस वर्षांचे सभासद तेच असतात. प्रश्नात 'ग्रंथालय' लिहिलं तर सीमाभागातल्या खेड्यात पंचायतीचं सरकारी ग्रंथालय समजलं जाण्याची शक्यता जास्त, 'वाचनालय' म्हटलं तर मंडळाचं. दोन्ही शब्द वेगळे विचारा.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे. यादी आणि स्कॅन तीन ठिकाणी हवेत : वाचनालयातल्या संगणकावर, दुसऱ्या इमारतीत ठेवलेल्या हार्ड डिस्कवर, आणि नेटवर. संकेतस्थळाचं नाव दर वर्षी नूतनीकरण मागतं. ते चुकलं की पत्ता जातो, म्हणून पान तयार झालं की इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही (नेटवरची पानं साठवून ठेवणाऱ्या सेवेत) जतन करून ठेवावं. खातं संस्थेच्या ईमेलवर काढावं, चिटणीसांच्या नातवाच्या नको. पासवर्ड बंद पाकिटात, दाखल नोंदवहीबरोबर कुलपात ठेवावा, आणि पाकिटावर कोणत्या सालच्या मंडळानं ते बंद केलं हे लिहावं.